नव्वद सेकंद

सिडकोत, टायरच्या दुकानावर आमचा चॅनेल.
जिना लोखंडी.
पाऊल आधी ऐकू येतं, माणूस मागून येतो.
कोठुळे आले तेव्हा जिना बराच वेळ वाजत राहिला.
अनसूया धिवरे आली
तेव्हा नुसता चपलेचा तुटका अंगठा.

महापालिकेची निवडणूक.
मालकांनी भिंतीवर कागद चिकटवला:
प्रत्येक उमेदवाराला नव्वद सेकंद,
ना एक जास्त, ना एक कमी.
मोजायचं काम माझं.
मी मोजले, तक्त्यात भरले, खाली सही केली:
रोहिणी साळी, संकलन.

नव्वद सेकंदांच्या पोटात केवढी जागा असते
हे तक्त्याला कुठून कळणार.

कोठुळेंना खोकला झाला होता, सभांमुळे असेल.
तीनदा खोकले. तिन्ही मी राहू दिले.
मधेच पाणी प्यायले, तेही दिसू दिलं,
ग्लासाभोवतीच्या चार अंगठ्यांसकट.

अनसूयाला पाण्याच्या टाकीचं विचारलं.
"टाकी आहे... म्हणजे... टाकी बांधली, पण..."
आणि ती खाली बघत बसली,
अकरा सेकंद.
ते अकरा मी उचलले.
येवल्याचा माझा मामा मागावर तुटलेला धागा जोडतो
तसे दोन्ही काठ जुळवले, गाठ दिसू दिली नाही.
रिकाम्या जागेत तिचंच एक धड वाक्य बसवलं,
बंद पडलेल्या दवाखान्याचं.
बेरीज पुन्हा नव्वद.

माझे वडील गेले त्या रात्री
अमरधामला शेवटपर्यंत थांबलेली बाई ही.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मालकांनी पाहिलं. म्हणाले, "झकास. दोघांना सारखं."
सारखं.
खाली रस्त्यावर कोठुळेंची रिक्षा सारखी फिरत होती,
भोंगा सारखा वाजत होता.
आमच्याच पडद्यावर नव्वद सेकंदांच्या आधी
कोठुळे डेव्हलपर्स, नंतर कोठुळे डेव्हलपर्स,
मधल्या फटीत आम्ही निःपक्ष.
मग माझे तीन खोकले म्हणजे
पारड्यात टाकलेले तीन खडे, एवढंच ना?
असं मी स्वतःला सांगितलं,
गाडीला किक मारली.

राणेनगरच्या बोगद्यापर्यंत ते पुरलं.

बोगद्यात सिग्नलला एक म्हातारा
दुसऱ्याला सांगत होता, "टीव्हीवर बघू ना भो,
कोण कसं बोलतंय ते. मग ठरवू."
मतदानाला चार दिवस होते.
मी मात्र माझं मत कधीच देऊन बसले होते,
बोटाला शाई न लागता,
आणि एकदा नव्हे, घरटी एक.

गाडी वळवली.
वॉचमनने कुरकुरत शटर वर केलं.
दोन खोकले काढले. तिसरा निघेना,
तो एका शब्दाच्या मधोमध होता
आणि शब्द त्यांचा होता, तोडायचा कसा?
पाण्याचा घोट काढला.
अकरा सेकंद परत ठेवले.
दवाखाना गेला.

ते अकरा सेकंद मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.
ती अडखळली होती की
टाकीच्या ठेकेदाराचं नाव ओठावर येऊन
परत गिळलं होतं, कोण जाणे.
ते ठरवायचं काम माझं नव्हतं.
हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

निकालानंतर आठवड्याने
पवननगरच्या भाजीबाजारात भेटली.
चप्पल नवी होती.
"टीव्हीवर मी काही बरी दिसले नाही गं,"
म्हणाली, हसत.
मी म्हणाले, "त्या दिवशी लाइटचा घोळ झाला होता."

तिने मेथीच्या दोन जुड्या उचलल्या,
उलटसुलट करून पाहिल्या,
देठं मोडून पाहिली,
आणि त्यातली बरी होती ती
माझ्या पिशवीत टाकली.